कोमट नावाचं कुणीतरी

माझी आत्या कवळ्या करते. बाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर दातांची लॅब म्हणून एक लांबट खोली आहे; तिथे उत्तरेच्या खिडकीखाली तिचं टेबल. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याच्या मापाचा साचा पाठवतात, ती त्यात प्लास्टर ओतते, मेणाच्या हिरड्या घडवते आणि त्या मेणात एकेक दात बसवत जाते. समोरचे दोन दात अगदी सरळ रेषेत बसवले की माणूस दुकानातल्या पुतळ्यासारखा दिसतो, म्हणून ती त्यातला एक दात केसभर फिरवते. अठ्ठावीस वर्षं हेच काम. शहरातल्या कितीतरी माणसांचं हसू तिच्या हातचं आहे, आणि त्यातल्या एकालाही ती ओळखत नाही.

तिला बोलताना अडखळायला होतं. चार वर्षांची असल्यापासून. काही अक्षरं सरळ येतात, काही दारातच अडून बसतात, आणि सगळ्यात हट्टी अक्षर 'क'. तिच्या नावाची सुरुवात नेमकी त्याच अक्षराने होते. त्यामुळे आयुष्यात तिने स्वतःचं नाव फारसं उच्चारलेलंच नाही. कुणी विचारलं की ती पिशवीतून लॅबचं कार्ड काढून पुढे करते. वाटाणे हवे असले तरी 'किलो' म्हणावं लागू नये म्हणून दोनदा अर्धा-अर्धा किलो... नाही, तिथेही 'क' येतोच. मग ती बोटं दाखवते. भाजीवाला भला माणूस आहे. तिला पाहिलं की त्याचा चेहरा आपोआप मऊ होतो, आवाज हळू होतो. आत्याला त्याचा राग येत नाही, पण तो चेहरा तिने इतक्या माणसांवर पाहिलाय, की तिला तो एकच चेहरा वाटतो.

घरी बाबा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, तिची वाक्यं पूर्ण करतात. "दादा, तो प-प-" एवढ्यात "पंखा ना? करतो बंद," म्हणून उठतातसुद्धा. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. काहीही अर्ध्यात अडकलेलं त्यांना बघवत नाही. कधीकधी आत्याला पंखा म्हणायचंच नसतं, पेपर म्हणायचं असतं. पण तोवर पंखा बंद झालेला असतो. मग ती गरम होत असतानाही तशीच बसते, भावाचं मन मोडायला नको म्हणून.

तिला स्वप्नं फार पडतात. लहानपणी ती सकाळी उठून स्वप्न सांगायला बसायची, पण वाक्य पुरं होईपर्यंत स्वप्न विरून जायचं. म्हणून ती लिहायला लागली. लॅबच्या जुन्या डायऱ्या, औषध कंपन्यांची पॅडं, जे मिळेल त्यावर. तिच्या कपाटात असे दोन खोके भरलेत हे मला खूप उशिरा कळलं.

दोन वर्षांपूर्वी लॅब चालवणाऱ्या काकांनी सांगितलं, आता डॉक्टर लोक दातांचे फोटो फोनवरच पाठवणार, तेव्हा नवा फोन घ्या. फोन आला, आणि तो लावून द्यायचं काम माझ्याकडे. मी एका मोठ्या मॉलमध्ये चौकशीच्या काउंटरवर असते. 'तळमजल्यावर एक निळी छत्री सापडली आहे' वगैरे माइकवर सांगायचं काम माझं. आमच्या घराण्यातलं सगळं धडाधड बोलणं माझ्या एकटीच्या वाट्याला आलंय असं आई म्हणते.

मी तेव्हा फोनवरच्या एका ग्रुपमध्ये होते. नुसती वाचायला. रोज सकाळी लोक तिथे आपलं स्वप्न लिहायचे. नियम दोनच: स्वप्नाचा अर्थ लावायचा नाही, आणि खरं नाव सांगायची सक्ती नाही. चालवणाऱ्या बाईंचं नाव 'उशी'. बाकी 'पंख्याखाली', 'अर्धा डोळा', 'नऊ नंबर' अशी एकेक मंडळी. मी आत्याला म्हटलं, "तू इथे लिही. खोक्यात ठेवून काय करायचंय?"

ती दुपारी जेवायच्या सुट्टीत होती, मी तिचा डबा द्यायला लॅबवर गेले होते. टेबलावर मेणाची वाटी, गरम पाण्यात ठेवलेली. फोनने विचारलं: नाव काय लावायचं? आत्या बराच वेळ त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिली. मेण फार तापलं तर वाहतं, गार झालं तर तडकतं. वाटी बरोबर आहे ना हे बघायला तिने सवयीने बोट बुडवलं, आणि मग त्याच बोटाने फोनवर लिहिलं: कोमट.

"हे काय नाव झालं?" मी हसले.

तिने खांदे उडवले. फोटोच्या जागी तिने काहीच लावलं नाही. एक करडा गोल तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी तिचं पहिलं स्वप्न आलं. मी बसमध्ये वाचलं आणि माझा थांबा गेला.

'मला एक जिना दिसला, मेणाचा. प्रत्येक पायरीवर, कुणाच्या तरी टाचेचा ठसा. जिना अजून गरम होता, म्हणजे चढून गेलेलं माणूस, फार लांब गेलेलं नसावं. वरून हाक आली नाही. पण आपली वाट बघितली जाते आहे, हे मात्र कळत होतं.'

खाली कुणीतरी लिहिलं, 'वा, कोमटराव!'

मला वाटलं आत्या लगेच दुरुस्त करील. संध्याकाळी मी म्हटलंसुद्धा, "अगं, सांग ना बाई आहेस म्हणून." ती कणीक मळत होती. हात थांबवून म्हणाली, "अ-असू दे. त्यांना मी दिसत नाही. छान वाटतं."

आणि मग तिने जे केलं ते मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही. आपल्या भाषेत 'मी गेले' म्हटलं की बाई, 'मी गेलो' म्हटलं की पुरुष. तोंड उघडताच उघडे पडतो आपण. आत्याने ती वाटच सोडून दिली. ती लिहायची: मला दिसलं, मला ऐकू आलं, माझ्या हातात होतं, माझ्याकडून सुटलं. दीड वर्ष! पाचशेच्या वर स्वप्नं, आणि एकातही 'मी' नाही. तिला हे जड गेलं नाही, कारण नको असलेला शब्द टाळून बाजूने वाक्य काढायचं हेच तर तिने जन्मभर केलं होतं. फरक एवढाच की बाहेर ते नाइलाजाने होतं, आणि इथे ती मजेत करत होती.

ग्रुपवर खल सुरू झाला. कोमटराव की कोमटताई? 'अर्धा डोळा'ची खात्री होती की हे रिटायर झालेले बोटीवरचे कप्तान असणार, कारण स्वप्नांत पाणी फार. 'पंख्याखाली' म्हणे, नाही, ही वीस-बावीस वर्षांची मुलगी आहे आणि प्रेमात पडली आहे. शेवटी मतदान घेतलं. एकेचाळीस मतं पुरुषाला, अडतीस बाईला, आणि सहा जणांनी लिहिलं, पाणी. आत्या ते वाचून इतकी हसली की तिला ठसका लागला. हसताना ती कधीच अडखळत नाही.

त्या दिवसांत ती घरात वेगळीच वावरायची. भांडी विसळताना मध्येच थांबून नळाखालच्या धारेकडे बघत राहायची. लॅबवर दातांना रंग जुळवताना म्हणे तिला वाटायचं, ही पांढऱ्याची सतरा जातींची पट्टी म्हणजे ढगांचीच पट्टी आहे. रस्त्याने जाताना आपण कप्तान आहोत, आपण बावीस वर्षांची मुलगी आहोत, आपण नुसतं पाणी आहोत, असं आळीपाळीने होऊन बघायची. हे तिने मला नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्यात, चार दिवस घेऊन.

सगळ्यांत तिला 'नऊ नंबर'ची स्वप्नं आवडायची. ती अशी असायची: 'आज एका खोलीत शिरलो. खोली फार मोठी आहे हे पावलांच्या आवाजावरून कळलं. लांब कोपऱ्यात कुणीतरी कागदाची घडी घालत होतं. घडी घालून संपेचना. मग माझ्या लक्षात आलं की कागद माझ्या हातात आहे.' त्याच्या स्वप्नांत कधी रंग नसायचे. त्याबद्दल एकदा कुणीतरी विचारल्यावर त्याने लिहिलं, मी जन्मापासून आंधळा आहे, एका हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काम करतो, आणि तुमचं सगळ्यांचं लिहिलेलं मला माझा फोन वाचून दाखवतो. फोनचा आवाज एकच. 'त्यामुळे तुम्ही सगळे मला एकाच बाईच्या आवाजात ऐकू येता,' त्याने लिहिलं होतं. 'फक्त कोमट वेगळे वाटतात. का ते सांगता येत नाही.'

बहुतेक त्याच्यामुळेच उशीताईंच्या डोक्यात ते आलं असावं. त्यांनी जाहीर केलं: येत्या रविवारी दुपारी चार वाजता सगळ्यांनी फोनवर एकत्र यायचं, आणि ज्याने त्याने आपलं आवडतं स्वप्न स्वतःच्या आवाजात वाचायचं. खाली धडाधड निरोप. आणि त्यातले निम्मे एकच: कोमट येणार ना? आता तरी कळेल!

आत्याने फोन उपडा ठेवला आणि दोन दिवस हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली, पलंगाच्या कडेवर बसली. "तू व-वाच," म्हणाली.

"मी? तुझ्या नावाने?"

"तुझा आवाज चांगला आहे."

मला खरं सांगायचं तर आनंदच झाला. त्यात आत्याची अडचण दूर करण्याचा आनंद होता, आणि थोडा माझा स्वतःचाही होता. रोज छत्र्या आणि गाड्यांचे नंबर वाचून दाखवणाऱ्या मला काहीतरी चांगलं वाचायला मिळणार होतं. मी तीन दिवस तयारी केली. आरशासमोर उभी राहून वाचलं. कुठे आवाज चढवायचा, कुठे खाली आणायचा, पेन्सिलने खुणा केल्या.

रविवारी आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो, मध्ये फोन. बाबा आणि आई बाहेर गेले होते. एकेकाने वाचलं. 'पंख्याखाली' हा चक्क एक जाडजूड आवाजाचा गृहस्थ निघाला. मग उशीताई म्हणाल्या, "आता कोमट."

मी वाचलं. धोब्याकडे सावल्या धुवायला टाकल्याचं ते स्वप्न. 'सगळ्या सावल्या दोरीवर वाळत होत्या, आणि मला माझी ओळखू येईना. सगळ्या सारख्याच, सगळ्या ओलसर. धोबी म्हणाला, अंगाला लावून बघा, बसेल ती घ्या. एक लावली, ती ढगळ झाली. दुसरी लावली, तिला कुणाच्या तरी घरच्या भाजीचा वास. शेवटी जी सगळ्यात हलकी होती ती पांघरून बघितली. आणि पाय जमिनीवरून सुटले.'

मी चांगलं वाचलं. ते खोटं कशाला सांगू? संपल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. काय आवाज, काय आवाज! कोमटताई, आत्तापर्यंत लपून का बसलात? 'अर्धा डोळा' म्हणाला, माझे कप्तान बुडाले, पण हरकत नाही. मी हसून आभार मानले. आभार मानताना मान वर केली तर आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचेही ओठ हलत होते, माझ्याबरोबर, आवाज न करता. मग तिने मान वळवली, उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं तिला भरून आलंय.

दुसऱ्या दिवशी कोमटचं स्वप्न आलं नाही. त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही. पंधरा दिवस गेले. ग्रुपवर लोक विचारत होते, 'कोमटताई, आवाज तरी ऐकवा.' मी आत्याला म्हटलं, "अगं, लोक वाट बघतायत तुझी."

"तुझी," ती म्हणाली.

"काय?"

तिने सावकाश, प्रत्येक शब्दाशी झगडत सांगितलं. मी बाबांसारखी मध्ये पडले नाही, एवढी अक्कल मला त्या दिवशी होती. ती म्हणाली, मी लिहायला बसते तर आता मला तुझा आवाज ऐकू येतो. ते लोकही तुझ्याच आवाजात वाचणार. ती कोमट आता तू झालीस. छान आहेस. पण मी कुठे राहू?

 पेन्सिलने खुणा केलेला तो कागद मी काढला आणि तिच्या हातात दिला.

त्याच आठवड्यात 'नऊ नंबर'चा खाजगी निरोप आला. आत्याने तो मला दाखवला. 'वाचणारी कोण होती? छान वाचलं तिने. पण तुम्ही जिथे थांबता तिथे ती थांबली नाही. माझ्या फोनला भाव कळत नाही, स्वल्पविराम मात्र कळतात, आणि तुमचे स्वल्पविराम भलत्याच ठिकाणी असतात. दीड वर्ष ऐकतोय. मी कुणाला बोललो नाही, बोलणारही नाही. फक्त विचारलं.'

आम्ही दोघींनी तिची जुनी स्वप्नं काढून बघितली. खरंच होतं. 'प्रत्येक पायरीवर, कुणाच्या तरी टाचेचा ठसा.' धोब्याच्या स्वप्नातले असे स्वल्पविराम मी चुका समजून वाचताना गाळले होते. ज्या शब्दापाशी ती बोलताना अडली असती, तिथे लिहितानाही तिचा हात जरा टेकत होता. तिला स्वतःलाही हे माहीत नव्हतं.

तिने त्याला उत्तर लिहिलं: 'माझी भाची होती.' आता भाची बाईलाही असते आणि बाप्यालाही. पत्ता अजून लागू दिलेला नव्हता बाईसाहेबांनी! मग बराच वेळ थांबून पुढे लिहिलं: 'मला बोलताना अडखळायला होतं. फार.'

त्याचं उत्तर: 'बुधवारी दुपारी दोन ते तीन बोर्डावर फोन कमी असतात. वाटलं तर करा. नाही वाटलं तरी काही नाही.' आणि खाली हॉस्पिटलचा नंबर.

बुधवारी आत्याने लॅबमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. माझीही पाळी संध्याकाळची होती. तिने मला समोर बसवलं. "तू थांब. ब-बोलू नकोस." फोन टेबलावर, स्पीकरवर ठेवला. दोन वाजून दहा मिनिटांनी नंबर लावला.

"नमस्कार, हॉस्पिटल. कुठे जोडू?" मध्यम, थोडा घोगरा आवाज.

आत्याने तोंड उघडलं. काही आलं नाही. तिचा जबडा घट्ट झाला, डोळे मिटले, मान एका बाजूला ओढली गेली. मला तिच्या जागी ओरडावंसं वाटत होतं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं, आणि पलीकडून हॉस्पिटलमधली कसलीतरी ढकलगाडी गेल्याचा आवाज.

दुसऱ्या कुणीही फोन ठेवला असता.

"लाइन चालू आहे," तो आवाज म्हणाला. "घाई नाही. मी आहे."

 तिचे खांदे थोडे खाली आले.

"इथे लोक फोन करतात आणि त्यांना बोलता येत नाही, असं रोज होतं," तो म्हणाला. "कुणी रडत असतं, कुणाला धाप लागलेली असते. त्यामुळे मला सवय आहे. मी तोवर चहा पितो." आणि खरंच कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला.

आत्या हसली. आणि हसण्याच्या शेपटालाच धरून म्हणाली, "को... को... कोमट."

तिने ते नाव आजवर उच्चारलंच नव्हतं. 'क'चं नाव तिने घेतलं होतं, कारण ते कधी बोलावं लागणार नव्हतं.

"बोला, कोमट," तो म्हणाला. मग एकदम, "अरे! म्हणजे बाई! मी पुरुषाला मत दिलं होतं. बहिणीशी पैज लावली होती."

"हरलात," आत्या म्हणाली. एका दमात, न अडखळता.

ते पाऊण तास बोलले. मध्ये मध्ये तो "एक मिनिट हं" म्हणून कुणाला बालविभागात, कुणाला रक्ततपासणीत जोडून द्यायचा आणि परत यायचा. आत्याची वाक्यं तशीच येत होती, दोन पावलं पुढे, एक मागे. त्याने एकही पूर्ण केलं नाही. एकदा ती अडली, आणि पुढचा शब्द 'खिडकी' आहे हे मलाही कळलं होतं, तरी तो गप्प बसला. खिडकी यायला जवळपास अर्धं मिनिट लागलं. आली तेव्हा तो म्हणाला, "हं, मग? त्या खिडकीतून काय?"

पुढच्या रविवारी सकाळी आत्याने स्वतःच्या आवाजात स्वप्न रेकॉर्ड केलं. आठ ओळींचं स्वप्न, चार मिनिटं वीस सेकंद. मी म्हटलं, मध्ये मध्ये कापून देऊ का? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी चहा ठेवायला उठले. तिने ते ग्रुपवर टाकलं आणि आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो.

पहिलं उत्तर 'पंख्याखाली'चं: 'आवाज तुटतोय. नेट अडकतंय का?'

आत्याने फोन उचलला. मला वाटलं ती सगळं पुसून टाकणार. तिने टाइप केलं: 'नेट नाही. मीच अडकते.'

दीड वर्षातलं तिचं पहिलं 'मी' ते, आणि क्रियापदही तिचं स्वतःचं. ती ते वाक्य किती वेळ बघत बसली होती.

सगळं गोडगोड झालं असं मात्र नाही. लोकांनी विचारलं, मग त्या दिवशी कोण वाचत होतं? तिने सरळ लिहिलं: 'भाची. तिने माझ्या सांगण्यावरून वाचलं, चूक माझी.' 'अर्धा डोळा' चिडला. आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला, त्याने लिहिलं, आता ती स्वप्नं तरी खरी होती का? आणि तो ग्रुप सोडून गेला. आत्याला ते लागलं. दोन दिवस तिने जेवताना मान वर केली नाही. कुणी लिहिलं की पहिलाच आवाज बरा होता, आणि ते वाचून मला जी एक बारीकशी गुदगुली झाली तिची मला अजून लाज वाटते. उशीताईंनी एवढंच लिहिलं, 'नियम दोनच आहेत. तिसरा करायची माझी इच्छा नाही.' पण हळूहळू आणखी काही जणांनी आवाज पाठवले. एकीचं बाळ मागे रडत होतं. एक जण इतकं पुटपुटत होता की काही कळलं नाही.

बाबांनी ते रेकॉर्डिंग एकदा चहाच्या वेळी ऐकलं. मी मुद्दाम लावलं होतं. आत्याचा आवाज फोनमध्ये अडला की बाबा पुढे झुकायचे, शब्द त्यांच्या तोंडावर आलेला असायचा. पण फोनला कुठे पुढचा शब्द सांगणार? ते तसेच तोंड उघडं ठेवून थांबायचे. चार मिनिटं वीस सेकंद. संपल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे मला माहीत नव्हतं," म्हणाले. "काय?" मी विचारलं. "ती शेवटी काय म्हणते ते."

वैशाख सरताना उशीताईंनी सगळ्यांना भेटायला बोलावलं. एका मोठ्या सार्वजनिक बागेत, दुपारी, झाडाखाली. मी सोडून अकरा जण आले. एकमेकांची स्वप्नं पाठ, पण समोर उभं राहिल्यावर कोण कोण ते कळेना. उशीताई म्हणजे एक उंच, काटक बाई निघाल्या, बँकेत असाव्यात अशा. 'नऊ नंबर' त्याच्या बहिणीबरोबर आला होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, बुटांना चकचकीत पॉलिश. आत्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि काही बोलायच्या आत, नुसती थांबली. तेवढ्यावरून त्याने ओळखलं. "या," तो म्हणाला.

खाणंपिणं झालं, गप्पा झाल्या. मग ऊन तापलं, सावली दाट झाली, आणि कुणाची जीभ जड व्हायला लागली. 'पंख्याखाली' आधी कलंडले, मग उशीताई पिशवी उशाला घेऊन आडव्या झाल्या. बघता बघता सगळे गवतावर पसरले. आत्या पाठीवर झोपली होती, हात पोटावर, तोंड किंचित उघडं. तिच्यापासून हातभर अंतरावर तो. पानांतून येणारे उन्हाचे ठिपके या सगळ्यांवरून सरकत होते. मी एकटी जागी होते, आणि मला वाटत होतं की आत्ता इथे अकरा ठिकाणी काहीतरी चाललंय आणि मला त्यातलं काहीच दिसत नाहीये.

पाचच्या सुमाराला बागेचा रखवालदार आला. त्याने हा सगळा पसारा बघितला, काठी जमिनीवर आपटली. "अहो! कोण तुम्ही सगळे? कुठल्या संस्थेचे?"

सगळे दचकून उठले, केस विस्कटलेले, गालांवर गवताच्या रेघा. एकमेकांकडे बघायला लागले.  मी तोंड उघडलं आणि परत मिटलं, कारण आत्या उठून उभी राहत होती. तिने पदर झटकला. रखवालदाराकडे बघितलं.

"आ... आम्ही..." ती म्हणाली, आणि अडली.

रखवालदार थांबला. आम्ही बाकीचे अकरा जण थांबलो.

"आम्ही झोपायला आलो होतो," आत्या म्हणाली.

रखवालदाराने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. "बरं," म्हणाला. "सहाला फाटक बंद होतं." आणि काठी टेकत पुढच्या झाडाकडे निघून गेला.